तीन कोटेशनं, एक घर: नेटवर्क केबलचे शब्द कसे वाचायचे

मावसभावाचं साताऱ्यातलं घर प्लास्टरपर्यंत आलंय. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आईबाबांची खोली, वर तीन खोल्या, आणि अंगणापलीकडे गॅरेजवर एक वेगळी खोली, तिथे भावजय शिकवणी घेणार आहे. भिंतींना झिऱ्या मारण्याआधी त्याने नेटवर्कच्या वायरिंगची तीन कोटेशनं मागवली, तिन्हींचे फोटो मला पाठवले आणि खाली लिहिलं, "ताई, तिघंही केबलच टाकणार ना? मग भावात एवढा फरक का?"

पहिल्या कोटेशनमधली केबलची ओळ अशी: "कॅट ६ केबल बॉक्स, ३०५ मीटर, २ नग." दुसऱ्यातली: "कॅट ६ यूटीपी, ४ पेअर, २३ एडब्ल्यूजी, सॉलिड बेअर कॉपर, ३०५ मीटर, २ नग." तिसऱ्यातली: "कॅट ७ शील्डेड केबल, लेटेस्ट." पहिलं सगळ्यांत स्वस्त, तिसरं सगळ्यांत महाग. मी त्याला दुसरं घ्यायला सांगितलं, पण त्यात दोन बदल करून. सोळा वर्षं मी हेच काम करते, आणि थोड्याफार फरकाने हीच तीन कोटेशनं घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पडतात. म्हणून एकेक शब्द घेऊन सांगते.

"बेअर कॉपर" की "सीसीए"

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. कोटेशनवर "कॅट ६" हे अक्षर मोठं असतं, पण पैसे वाया जातात ते त्यापुढच्या बारीक शब्दामुळे, किंवा तो शब्द लिहिलेलाच नसल्यामुळे.

बेअर कॉपर म्हणजे तार आरपार तांब्याची. सीसीए म्हणजे कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम: आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याची पातळ कातडी, पितळेच्या भांड्याला कल्हई असते तशी. बाहेरून दोन्ही सारखीच लाल दिसतात. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा स्वस्त आणि हलकं आहे, पण विजेला ते जास्त विरोध करतं. त्याच जाडीच्या सीसीए तारेचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट भरतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ या नावाची व्याख्या ज्या मानकात आहे, त्या अमेरिकी टीआयए-५६८ मध्ये वाहक, म्हणजे आतली तार, तांब्याचाच हवा असं म्हटलंय, आणि एका तारेचा रोध १०० मीटरला ९.३८ ओहमपेक्षा जास्त चालत नाही. सीसीए त्यात बसत नाही. म्हणजे "कॅट ६ सीसीए" ही वस्तू बाजारात मिळते, पण ती कॅट ६ नाही.

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, ते एका मंगल कार्यालयात मी पाहिलं. गाडीतळाकडचे दोन कॅमेरे रोज संध्याकाळी सातच्या सुमारास बंद पडायचे, दर दोन मिनिटांनी चालू होऊन पुन्हा बंद. मॅनेजर म्हणत होते, "दिवसा झक्क चालतात हो ताई, रात्रीच काय होतं?" तीन वेळा कॅमेरे बदलून झाले होते. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची ओढ जवळपास दुप्पट होते. तिथे केबलच्या दोन रिकाम्या जोड्यांमधून १२ व्होल्ट पाठवले होते, अंतर ४० मीटर. तांब्याच्या २४ एडब्ल्यूजी (हे तारेच्या जाडीचं माप) तारेत या अंतरावर जाऊन-येऊन साधारण ३.४ ओहम रोध होतो. ०.६ अँपिअरला २ व्होल्ट गळतात, कॅमेऱ्याला १० मिळतात, तो कसाबसा तग धरतो. सीसीएमध्ये रोध साडेपाचच्या आसपास जातो, सव्वातीन व्होल्ट गळतात, पावणेनऊ उरतात आणि कॅमेरा मान टाकतो. मी टोकाची तार ब्लेडने खरवडली. दोनच घासांत लाली गेली आणि खाली पांढरी चमक आली. माळ्यावर रिकामा बॉक्स पडलेला होता. त्याच्या एका कडेला, बारकोडच्या खाली, तीन अक्षरं होती: सीसीए. फसवलं असंही म्हणता येत नव्हतं, कारण लिहिलेलं होतं. वाचलं कुणी नव्हतं.

यात १२ व्होल्टची सोयही चुकीची होती. केबलमधूनच वीज द्यायची असेल तर आयईईईच्या मानकातलं पीओई घ्यावं, ते ४८ व्होल्टच्या आसपास चालतं, त्यामुळे तेवढ्याच वॅटला प्रवाह आणि गळती दोन्ही कमी. २००३ च्या ८०२.३एएफ मध्ये नेटवर्क स्विचच्या (सगळ्या केबली एकमेकींना जोडणाऱ्या डब्याच्या) एका पोर्टमधून १५.४ वॅट, २००९ च्या एटी मध्ये ३०, आणि २०१८ च्या बीटी मध्ये ९० पर्यंत. वॅट वाढत चाललेत, म्हणजे आज भिंतीत पुरलेल्या तारेवरचा भार पुढे वाढणारच. सीसीए तिथे तापते. शिवाय ती ठिसूळ असते, आयओच्या, म्हणजे भिंतीवरच्या नेटवर्क सॉकेटच्या, मागे दोन-चारदा वाकली की आतून तुटते.

माल घरी आला की तपासायचे तीन उपाय आहेत. एक, ब्लेडने खरवडणं. दोन, वजन: ३०५ मीटरच्या बॉक्समध्ये फक्त धातूचाच फरक जवळपास ३ किलो पडतो, त्यामुळे दोन्ही बॉक्स हातात घेतले तर लगेच कळतं. तीन, मल्टीमीटर, आणि हा सगळ्यांत खात्रीचा. बॉक्समधून एक टोक बाहेर असतंच, आतलं टोकही बहुतेक बॉक्समध्ये सापडतं. एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजा. पूर्ण ३०५ मीटरला २३ एडब्ल्यूजी तांबं ४१ ते ४३ ओहम दाखवतं, २४ एडब्ल्यूजी तांबं ५१ ते ५४. मानकाची मर्यादा ५७ च्या जरा वर आहे. आकडा साठ ओलांडून गेला तर बॉक्स परत करा, मग त्यावर काहीही छापलेलं असो.

हा एडब्ल्यूजी आकडा उलटा चालतो, एवढं लक्षात ठेवा: आकडा लहान तितकी तार जाड. २३ म्हणजे ०.५७ मिलिमीटर, २४ म्हणजे ०.५१. कॅट ६ मध्ये दोन्ही मिळतात आणि दोन्ही चालतात, पण भिंतीत घालायची असेल तर मी २३ घेते.

पहिल्या कोटेशनवाल्याला भावाने फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, "कॉपर आहे का सीसीए?" पलीकडून उत्तर आलं, "साहेब, कॉपरच, कॉपर कोटेड." हाच तो शब्द. कोटेड म्हणजे मुलामा.

५ई, ६, ६ए, ७, ८

कॅट म्हणजे कॅटेगरी, आणि त्यापुढचा आकडा सांगतो की केबल किती मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल सांभाळून नेते.

| केबल | मेगाहर्ट्झ | किती वेग, किती अंतरावर |
|---|---|---|
| कॅट ५ई | १०० | १ गिगाबिट, १०० मीटर; २.५ गिगाबिटही चालतं |
| कॅट ६ | २५० | ५ गिगाबिट, १०० मीटर. १० गिगाबिट, ३७ ते ५५ मीटर |
| कॅट ६ए | ५०० | १० गिगाबिट, १०० मीटर |
| कॅट ७ | ६०० | १० गिगाबिट, १०० मीटर |
| कॅट ८ | २००० | २५ आणि ४० गिगाबिट, फक्त ३० मीटर |

आता घराचं माप घ्या. भावाच्या घरात रॅकपासून, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या कपाटापासून, सगळ्यांत लांबचा पॉइंट, पाइपची वळणं धरून, २६ मीटरवर आहे. इतक्या अंतरावर कॅट ६ मधून १० गिगाबिट जातं. म्हणजे ६ए चे जास्तीचे पैसे १०० मीटरच्या आकड्यासाठी आहेत, आणि घरात १०० मीटर कुठेच नाहीत. मोठ्या ऑफिसात, हॉस्पिटलात, कॉलेजच्या इमारतीत शेकडो केबली एकाच ट्रेमधून शेजारी शेजारी जातात, तिथे एकीचा गोंगाट दुसरीत शिरतो आणि अंतरही जास्त असतं. तिथे ६ए घ्यायलाच हवी. घरात ती उलट गैरसोयीची पडते. कॅट ६ ची केबल साधारण ६ मिलिमीटर जाड असते, ६ए साडेसातच्या आसपास. २५ मिलिमीटरच्या पाइपात कॅट ६ च्या चार केबली मोकळ्या बसतात, ६ए च्या तीन. आणि आपल्याकडचे कोपरे बघता ६ए ओढताना माणसाचा घाम निघतो.

५ई वाईट नाही. जुन्या घरात चांगल्या तांब्याची ५ई भिंतीत असेल तर ती उपटू नका, आजचे प्लॅन तिच्यावरून आरामात जातात. पण नव्याने झिरी मारताना ५ई टाकू नये. दोघींच्या भावातला फरक गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीशी ताडून बघा, मग पटेल.

तिसऱ्या कोटेशनमधल्या कॅट ७ बद्दल. ७ हा आकडा ६ए च्या पुढचा वाटतो, पण अमेरिकी टीआयएने कॅट ७ कधी स्वीकारलीच नाही. ती आंतरराष्ट्रीय आयएसओच्या ११८०१ या मानकात २००२ साली आली, आणि तिच्यासाठी ठरवलेले कनेक्टर वेगळे आहेत: जीजी४५ आणि टेरा. आपल्या टीव्हीला, राउटरला, लॅपटॉपला यातला एकही लागत नाही. कॅट ७ ला नेहमीचा आरजे४५ प्लग लावला की ती जोडणी कॅट ७ राहत नाही, ६ए च्या दर्जाची होते. पैसे मात्र ७ चे. कॅट ८ डेटा सेंटरमधल्या रॅकसाठी आहे, घरासाठी कुणी सुचवत असेल तर त्याला कशासाठी ते विचारा.

यूटीपी की शील्डेड

केबलच्या आत चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी पिळलेली असते, प्रत्येकीचा पीळ वेगळा. पिळाची ही युक्ती ग्रॅहम बेल यांची, १८८१ च्या पेटंटमधली. दोन तारा एकमेकींभोवती फिरत राहिल्या की बाहेरचा गोंगाट दोन्हींत सारखाच शिरतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. लँडलाइनच्या काळात दुसऱ्याचंच बोलणं ऐकू यायचं, "क्रॉस कनेक्शन लागलंय वाटतं" म्हणून आपण फोन ठेवायचो, ते आठवत असेल. एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपतो, त्याला क्रॉसटॉक म्हणतात, आणि केबलची सगळी कॅटेगरी त्याच्याशी लढण्यावर ठरते. म्हणूनच टोकाला कनेक्टर लावताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये. इलेक्ट्रिशियन सवयीने दोन इंच उकलतो, आणि चांगल्या कॅट ६ ची तिथेच ५ई होते.

यूटीपी म्हणजे फक्त हा पीळ, वरून कवच नाही. कवच असेल तर नाव दोन भागांत लिहितात: तिरप्या रेघेच्या आधी संपूर्ण केबलचं कवच, नंतर प्रत्येक जोडीचं. एफ/यूटीपी म्हणजे चारही जोड्यांभोवती एक फॉइल. यू/एफटीपी म्हणजे प्रत्येक जोडीला आपली फॉइल. एस/एफटीपी म्हणजे जोड्यांना फॉइल आणि वरून जाळी. नुसतं "एसटीपी" किंवा "शील्डेड" लिहिलं असेल तर यातलं काय ते कळत नाही, विचारावं लागतं.

कवच जास्त म्हणजे केबल चांगली, असा समज आहे. कवचाचं काम गोंगाट पकडून जमिनीत सोडण्याचं. त्यासाठी कनेक्टर, आयओ, पॅच पॅनल (रॅकमधली सॉकेटांची पट्टी) आणि रॅक सगळं धातूचं, एकमेकांना जोडलेलं, आणि शेवटी पक्कं अर्थिंग हवं. साखळीतली एक कडी प्लॅस्टिकची निघाली की तेच कवच अँटेनासारखं वागतं आणि गोंगाट आत ओढतं. आपल्याकडच्या घरांत मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावं लागतं, तिथे कवचाच्या भरवशावर राहू नये. तिसऱ्या कोटेशनमध्ये केबल शील्डेड होती आणि आयओ साधा प्लॅस्टिकचा. ते कोटेशन मी तिथेच बाजूला ठेवलं.

शील्डेड केबल लागते ती एमआयडीसीतल्या कारखान्यात, मोटरींचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी पॅनलशेजारून जाताना, किंवा लिफ्टच्या मशिनरूमजवळ. घरात यूटीपी घ्या आणि ती विजेच्या वायरच्या पाइपात घालू नका, वेगळा पाइप टाका. दोन्ही पाइप एकमेकांना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

सॉलिड की स्ट्रँडेड

भिंतीत सॉलिड, भिंतीबाहेर स्ट्रँडेड. सॉलिड म्हणजे एकसंध तार, ती आयओच्या खाचेत पक्की बसते. स्ट्रँडेड म्हणजे अनेक बारीक तारांची वेणी, ती वाकते पण लांब अंतरावर कमी पडते, म्हणून तिच्या पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेल्या छोट्या केबली, करतात. उलट केलं की दोन्हीकडे त्रास. भिंतीतल्या सॉलिड केबललाच टोकाला प्लग लावून थेट टीव्हीत घुसवतात, ते वर्षभरात सैल होतं. आयओ आणि फेसप्लेट लावा, पुढे तयार पॅच कॉर्ड.

सिरीज की होम रन

दुसरं कोटेशन केबलच्या बाबतीत उत्तम होतं, पण त्याच्या नकाशात हॉलमधून एक केबल वर जात होती, वरच्या पॅसेजमध्ये छोटा स्विच, आणि तिथून तीन खोल्या. केबल वाचते, हे खरं. टेलिफोनच्या काळात हेच चालायचं: बाहेरच्या डीपी डब्यावरून एक जोडी घरात यायची आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत समांतर जोडत न्यायची. दोन तारांवर आवाज जायचा, सगळे फोन एकदम वाजायचे, कुणाची तक्रार नव्हती. नेटवर्कमध्ये प्रत्येक पॉइंटपासून रॅकपर्यंत अखंड स्वतंत्र केबल हवी, मध्ये जोड नाही. त्यालाच होम रन म्हणतात.

पॅसेजमधला तो स्विच बंद पडला तर वरचा मजला बंद. त्याला प्लग हवा, हवा हवी, कुणीतरी तो मोबाइल चार्ज करायला काढणार नाही याची काळजी हवी. आणि वरच्या तीनही खोल्या एकाच केबलच्या वेगात वाटणी करणार. म्हणून माझा पहिला बदल हा: वरच्या प्रत्येक खोलीतून थेट रॅकपर्यंत दोन-दोन केबली. दोन अशासाठी की एक खराब झाली तर भिंत फोडावी लागू नये. छतावर मधोमध एक केबल वेगळी, वायफायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी. त्याला पीओईने वीजही तिथूनच मिळते.

याच ठिकाणी कोटेशनमधले आणखी दोन शब्द एकमेकांसमोर ठेवून बघा: "दर पॉइंट" आणि "दर रनिंग मीटर". पॉइंटचा दर सोपा वाटतो, पण त्यात केबल धरली आहे का, आयओ, फेसप्लेट, दोन्हीकडचं टर्मिनेशन (टोकं जोडणं) आणि टेस्टिंग धरलंय का, हे लिहून घ्या. पॉइंटच्या दरात काम करणारा केबल वाचवायला बघतो आणि मग पॅसेजमध्ये स्विच येतो. मीटरच्या दरात काम करणारा लांबून फिरवून आणू शकतो. मला होम रनच्या अटीसह पॉइंटचा दर बरा वाटतो.

५६८ए की ५६८बी, आणि "टेस्टिंग" म्हणजे काय

ए आणि बी हे कनेक्टरमध्ये तारा लावायचे रंगांचे दोन क्रम आहेत. बी असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल. वेगात काडीचा फरक नाही. आपल्याकडे बी जास्त चालतो, तोच घ्या आणि दोन्ही टोकांना सारखा ठेवा.

महत्त्वाचं आहे ते हिरव्या जोडीचं विचित्र बसणं. तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर हिरवी, मध्ये चौथ्या-पाचव्यावर निळी. कारण टेलिफोनची जोडी मधल्या दोन पिनांवर यायची, तिला जागा ठेवून दुसरी जोडी तिच्या दोन्ही बाजूंना टाकली. हे माहीत नसलेला माणूस रंग ओळीने लावतो: पहिली जोडी १-२, दुसरी ३-४, तिसरी ५-६, चौथी ७-८. दोन्हीकडे तसंच लावलं की प्रत्येक पिन समोरच्या त्याच पिनेला पोहोचते. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर लावला तर आठही दिवे क्रमाने लागतात, "ओके" म्हणून काम पूर्ण होतं. पण ३ आणि ६ आता दोन वेगवेगळ्या पिळांतून चाललेत, पिळाचा उपयोग संपला. याला स्प्लिट पेअर म्हणतात. दोन मीटरच्या तुकड्यावर ती चालून जाते, वीस मीटरवर नेट मधूनच तुटतं आणि लोक राउटर बदलत बसतात.

म्हणून "टेस्टिंग" आणि "सर्टिफिकेशन" यांत फरक आहे. टेस्टिंग सांगतं की तारा टोकाला पोहोचल्या. सर्टिफिकेशनचं यंत्र क्रॉसटॉक, लांबी, परत फिरणारा सिग्नल मोजून केबल खरंच कॅट ६ ला उतरते का याचा कागद देतं. यंत्र महाग असतं, त्यामुळे दहा-बारा पॉइंटच्या घराला ते भाड्याने आणणं परवडेलच असं नाही. तेव्हा हे करा: पैसे देण्याआधी प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावा, लिंकचा वेग १ गिगाबिट दिसतोय का बघा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एक मोठी फाइल ओढा. फाइल सलग आली पाहिजे.

स्पीड टेस्टमध्ये आकडा ९४ च्या आसपास अडकला असेल आणि प्लॅन ३०० चा असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी केबल बघा. १०० मेगाबिटला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी लागते, गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटली की उपकरणं मुकाट १०० वर उतरतात, आणि त्यातले ९४ तुमच्या हाती येतात. दहापैकी सात वेळा मला ती तार आयओच्या मागेच सापडली आहे.

गॅरेजवरची खोली: तांबं की फायबर

माझा दुसरा बदल हा. तिन्ही कोटेशनांनी अंगणातून गॅरेजपर्यंत तांब्याची केबलच धरली होती. अंतर जेमतेम १८ मीटर, वेगाला काही अडचण नाही. अडचण वळवाच्या पावसाची आहे. एप्रिल-मे मध्ये आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा जमिनीत क्षणभर विजेचा दाब चढतो, आणि दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर दोन्हीकडचा दाब वेगळा असतो. मधली तांब्याची केबल हा त्याला मिळालेला आयता रस्ता. एका घरचा स्विच, टीव्ही आणि डीव्हीआर एकाच रात्री गेलेले मी पाहिलेत, आणि वीज पडली होती ती शेजारच्या नारळावर.

काच वीज वाहून नेत नाही. फायबर घातलं की हा रस्ताच बंद. फक्त ताणासाठी आत स्टीलची तार असलेली फायबर घेऊ नका, एफआरपीची (फायबरग्लास-प्लॅस्टिकची) काडी असलेली घ्या, नाहीतर तोच धोका स्टीलमधून परत येतो.

फायबरमध्येही दोन जाती. सिंगल मोडचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, बाहेरचं आवरण पिवळं. मल्टिमोडचा ५०, त्यातल्या ओएम३ प्रकाराचं आवरण फिकट निळसर-हिरवं. मल्टिमोड डेटा सेंटरमध्ये जवळच्या अंतरांसाठी वापरतात. घरी सिंगल मोड घ्या, कारण इंटरनेट कंपनी तुमच्या दारात आणते तीही सिंगल मोडच असते, आणि तिचं सामान व जोडून देणारी माणसं साताऱ्यातच काय, तालुक्याच्या गावीही मिळतात. वाकण सहन करणाऱ्या प्रकाराचं नाव जी.६५७ए२, तो साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वाकवला तरी चालतो. त्याला "बेंड इन्सेन्सिटिव्ह" म्हणूनही विकतात.

कनेक्टरचा रंग मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं. निळा म्हणजे यूपीसी, टोक सरळ. दोन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण तिरपं आणि सरळ समोरासमोर आलं की मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. कंपनीच्या ओएनटीला, म्हणजे आपण ज्याला फायबरचा डबा म्हणतो त्याला, बहुतेक हिरवा लागतो. गॅरेजसाठी घ्याल ते मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे, बहुतेक निळ्याचे. एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर घेतले तर ते जोडीने येतात, एक ए आणि एक बी; एक १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन ए आणले की काहीच चालत नाही, आणि डब्यावर तेवढं एकच अक्षर वेगळं असतं.

धागा दोनच्या ऐवजी चार टाकून ठेवायला सांगितलंय. खोदकाम एकदाच होणार आहे.

कंपनीचा डबा कुठे येणार

याचा उल्लेख तिन्ही कोटेशनांत नव्हता. फायबर लावायला येणारा मुलगा घाईत असतो. दाराजवळ प्लग दिसला की ओएनटी तिथेच ठोकतो, आणि मग रॅक जिन्याखाली, डबा व्हरांड्यात, मध्ये लोंबणारी केबल. बाहेरच्या भिंतीपासून रॅकपर्यंत एक रिकामा पाइप आत्ताच टाका, फक्त कंपनीच्या फायबरसाठी. कोपऱ्यांत एल्बो न वापरता लांब वळणाचे बेंड लावा. आणि प्रत्येक पाइपात, केबल घातलेल्या पाइपातसुद्धा, नायलॉनची दोरी सोडून ठेवा. दहा वर्षांनी भाचा काहीतरी नवीन ओढायला जाईल तेव्हा तिला बांधून ओढेल.

काल रात्री भावाचा फोन आला. दुसऱ्या कोटेशनवाल्याने होम रन कबूल केलंय, फायबरचे पैसे वेगळे लावलेत, आणि तिसऱ्या ओळीत "बेअर कॉपर, मल्टीमीटरवर तपासून" हे शब्द स्वतःहून लिहून दिलेत. मी त्याला अजून एक काम सांगितलंय. उद्या पाइप बसले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजरटेप लावून फोटो काढायचे, टेपचा शून्य कोपऱ्याला टेकलेला दिसला पाहिजे, आणि केबलच्या दोन्ही टोकांना एकच आकडा मार्करने लिहायचा, एकदा टोकाशी आणि एकदा वीतभर आत, कारण टोक कापलं जातं.